डोळ्यात रसायन उडालं तर आधी पाणी, मग डॉक्टर

आत्ता कुणाच्या डोळ्यात काही उडालंय म्हणून तुम्ही हे उघडलं असेल, तर पुढे वाचत बसू नका. त्या माणसाला सगळ्यात जवळच्या नळाशी न्या, बोटांनी पापण्या उघड्या धरा आणि डोळ्यावर साध्या स्वच्छ पाण्याची धार सोडा. घड्याळ पाहून निदान २० मिनिटं. धार चालू असतानाच आणखी कुणाला तरी रुग्णवाहिकेला फोन करायला सांगा. बाकी सगळं नंतर.

ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी आता सविस्तर.

मी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. प्रयोगशाळेत, कारखान्यात, बांधकामावर, सफाईच्या कामावर नव्याने रुजू झालेली माणसं वर्गात असतात, घरात रांगतं मूल असलेले आईबापही असतात. रक्त वाहत असेल, भाजलं असेल, हाड मोडलं असेल तर काय करायचं हे बहुतेकांना थोडंफार ठाऊक असतं. डोळ्यात रसायन गेलं तर काय कराल, असं विचारलं की मात्र जवळजवळ नेहमी एकच उत्तर येतं: ‘लगेच डॉक्टरकडे नेऊ.’ मला हे उत्तर खोडून काढावं लागतं. डॉक्टरकडे न्यायचंच आहे, पण आधी धुवायचं आहे. या दुखापतीत नजर किती शाबूत राहणार हे बऱ्याच अंशी पहिल्या काही मिनिटांत ठरतं. त्या मिनिटांत डॉक्टर तिथे नसतात, शेजारी उभे असलेले तुम्ही असता.

डोळ्याच्या आत काय घडतं

डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या मागे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली छोटी पोकळी, मग बुबुळ, मग भिंग. आतल्या नाजूक भागांपर्यंत पोचायला रसायनाला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही.

लोकांना भीती असते ती ॲसिडची, आणि ती रास्तच आहे. पण डोळ्याच्या बाबतीत आम्लारी, म्हणजे अल्कली, साधारणपणे जास्त घातक ठरते. आम्ल पडलं की वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि हा गोठलेला थर मागून येणाऱ्या आम्लाला काही प्रमाणात अडवतो. आम्लारी असं काही होऊ देत नाही. पेशींच्या आवरणात जी चरबी असते तिचा ती अक्षरशः साबण करून टाकते. कारखान्यात साबण बनतो त्याच रासायनिक क्रियेने आवरणं विरघळतात, वाट मोकळी होते आणि रसायन आत झिरपत राहतं. अमोनिया मिनिटभराच्या आतसुद्धा कॉर्निया ओलांडून आतल्या पोकळीत पोचू शकतो. कॉस्टिक सोड्याला काही मिनिटं पुरतात.

आणि आम्लारी कुठे असते? तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत, ओल्या सिमेंटमध्ये, चुन्यात, ब्लीचमध्ये, ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यात, भांडी धुण्याच्या यंत्रात घालायच्या पावडरीत, केस सरळ करायच्या काही क्रीममध्ये. ओल्या सिमेंटचा सामू, म्हणजे पीएच, १२ च्या वर असतो. अश्रूंचा सातच्या थोडा पुढे. या मोजपट्टीवर एक अंक वाढला की तीव्रता दहापट होते, त्यामुळे ७ आणि १२ यांच्यात एक लाख पटींचं अंतर आहे. गवंडीकाम करताना डोळ्यात उडालेला मसाल्याचा शिंतोडा म्हणजे साधा कचरा नव्हे, हे इथे लक्षात यावं.

हे सगळं सांगितलं ते घाई का करायची हे पटावं म्हणून. प्रत्यक्ष प्रसंगात आम्ल की आम्लारी हा शोध घेत उभे राहू नका. पहिला उपचार दोन्हींना एकच आहे.

पहिली पायरी: पाणी गाठा

रसायन उडालं की हात आपसूक डोळ्यांकडे जातात. ते खाली घ्यायला लावा. चोळल्याने रसायन पापण्यांखाली पसरतं, कण असतील तर कॉर्नियावर घासले जातात, आणि हातालाच ते लागलेलं असेल तर त्यात भर पडते.

मग त्याच्या दंडाला धरून त्याला पाण्यापर्यंत न्या. ‘तिकडे नळ आहे’ एवढं सांगून भागत नाही. वेदनेने डोळे गच्च मिटलेल्या माणसाला रोजची खोलीही परकी होते. नेताना मोठ्याने बोलत राहा: कुठे चाललोय, किती पावलं उरली, पायरी कुठे आहे.

कोणतं पाणी, हा प्रश्न हमखास येतो. जे सगळ्यात जवळ आहे आणि पिण्याजोगं स्वच्छ आहे, ते. बेसिनचा नळ, शॉवर, मंद सोडलेली रबरी नळी, जग, पाण्याची बाटली, काहीही चालेल. कोमट पाणी मिळालं तर उत्तम, कारण बर्फासारख्या गार पाण्याखाली माणूस वीस मिनिटं टिकत नाही. पण नळाला गारच पाणी असेल तर गार घ्या. कोमट करायला थांबू नका. गरम पाणी मात्र नको. निर्जंतुक सलाइन हाताशी असेल तर छानच, पण ते शोधायला कपाट उघडण्यात गेलेलं अर्धं मिनिट सलाइनच्या फायद्यापेक्षा महाग पडतं.

कामाच्या ठिकाणी भिंतीवर डोळे धुण्याच्या तयार बाटल्या टांगलेल्या असतात. त्या चांगल्या आहेत, पण अर्ध्या लिटरची बाटली बघता बघता रिकामी होते. ती तुम्हाला नळापर्यंत पोचवण्यासाठी आहे, नळाची जागा घेण्यासाठी नाही.

मदत करणाऱ्याने स्वतःलाही जपायचं आहे. हातमोजे जवळ असतील तर चढवा, चश्मा असेल तर लावा. नसतील तर हात वाहत्या धारेत राहू द्या. चेहरा त्या माणसाच्या चेहऱ्याच्या अगदी समोर नेऊ नका. तो झटका देतो आणि पाणी उडतं.

दुसरी पायरी: डोकं कसं धरायचं

एकाच डोळ्यात गेलं असेल तर डोकं त्या बाजूला कलतं करा, म्हणजे दुखावलेला डोळा खाली आणि चांगला डोळा वर येईल. धार नाकाकडच्या कोपऱ्यातून सोडा, म्हणजे पाणी कानाच्या बाजूने खाली वाहून जाईल. हे उलट झालं तर धुतलेलं रसायन नाकावरून ओघळून चांगल्या डोळ्यात जातं. वर्गात सराव करताना निम्मी माणसं पहिल्यांदा हे उलटंच करतात, म्हणून इथे मुद्दाम थांबून सांगते आहे.

दोन्ही डोळ्यांत गेलं असेल तर शॉवर सगळ्यात बरा. कपड्यांसकट उभं करा. शॉवर नसेल तर दोन माणसांनी दोन जगांनी एकाच वेळी ओता. एकटे असाल तर काही सेकंदांनी डोळा बदलत राहा.

धार सौम्य असावी. जोराचा फवारा थेट बुबुळावर मारला तर दुखापत वाढते आणि माणूस पापणी आणखी घट्ट मिटतो. नाकाच्या हाडावर किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर पाणी पडू द्या, तिथून ते डोळ्यावरून पसरेल.

रसायन कॉलरवर, केसांत किंवा शर्टावर सांडलं असेल तर तेही काढायचं आहे, नाहीतर डोळा धुतल्यावर केसांतून पुन्हा थेंब उतरतात. भिजलेला सदरा डोक्यावरून ओढून काढू नका, तो चेहऱ्यावरूनच जातो. बटणं काढा किंवा कात्रीने कापा. हे दुसऱ्या कुणी करावं, धार थांबता कामा नये.

तिसरी पायरी: पापणी उघडी ठेवणं

सगळा उपचार इथे अडतो.

डोळ्यात काही झोंबलं की पापण्या आवळल्या जातात. ही इच्छेच्या ताब्यातली गोष्ट नाही. ‘डोळा उघड, उघड’ असं कितीही सांगितलं तरी तो उघडत नाही. मग वीस मिनिटं पाणी मिटलेल्या पापणीवरून वाहतं, पाहणाऱ्याला वाटतं डोळा धुतला जातोय, आणि रसायन आत तसंच राहतं.

मला हे माझ्याच डोळ्याने शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं झाकण उघडताना एक थेंब उडाला. नळ तीन पावलांवर होता, मी पोचलेही, आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले. पापणी उघडायची म्हटली की आणखी घट्ट मिटायची. मागून एक सहकारी आली. तिने काही न विचारता माझं डोकं वाकवलं, रुमालाने पापणीची कड धरली आणि डोळा उघडला. त्या क्षणी जी कळ आली ती अजून आठवते, आणि लगेच मागून आलेला गारवाही. मिटलेल्या पापणीवर मारलेल्या हबक्यांनी आत काहीच पोचलं नव्हतं. माझी नजर आज ठीक आहे याचं श्रेय मी त्या दोन बोटांना देते.

तर कृती अशी. एका हाताचा अंगठा खालच्या पापणीच्या खाली, गालाच्या हाडावर टेकवा आणि खाली ओढा. तर्जनी वरच्या पापणीच्या वर, भुवईखालच्या हाडावर टेकवा आणि वर ओढा. दाब हाडावर पडला पाहिजे, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नाही. ओली पापणी निसटते. बोट आणि कातडी यांच्यामध्ये कोरड्या सुती कापडाची किंवा गॉझची घडी धरली की पकड येते.

आता त्या माणसाला सांगा: वर बघ, खाली बघ, डावीकडे, उजवीकडे. डोळा फिरला की पापणीच्या घडीत दडलेला भागही धारेखाली येतो. अधूनमधून एखादी उघडझाप करू द्या, त्याने आतलं रसायन बाहेर ढकललं जातं.

जवळ कुणीच नसेल तर हे स्वतःच करायचं आहे. बेसिनवर वाकून एका हाताने पापण्या फाका. तेही जमत नसेल तर मोठ्या भांड्यात पाणी भरा, चेहरा बुडवून उघडझाप करा, आणि पाणी दर वेळी बदला. वाहत्या धारेइतकं हे चांगलं नाही, पण नळ नसलेल्या जागी उपयोगी पडतं.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर? आधी ती काढायची म्हणून धुणं लांबवू नका. धार सुरू करा. लेन्स पुष्कळदा पाण्याबरोबर आपणच निघते. मिनिट-दोन मिनिटांनीही राहिली आणि सहज निघण्यासारखी असली, तर धुता धुताच काढा, कारण तिच्याखाली रसायन अडकून राहतं. ती लेन्स पुन्हा वापरायची नाही.

चौथी पायरी: घड्याळ

वेदनेत दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. म्हणून अंदाजाने वेळ मोजू नका. फोनवर गजर लावा किंवा धुणं सुरू केल्याची वेळ कुणाला तरी कागदावर लिहायला सांगा. डॉक्टरही ती विचारतील.

निदान २० मिनिटं हा सर्वसाधारण नियम. आम्लारी असल्याचं कळलं, किंवा काय होतं तेच कळलं नाही, तर ३० मिनिटं आणि त्याहूनही पुढे, मदत पोचेपर्यंत. जास्त धुतल्याने तोटा जवळपास नाही. कमी धुतल्याने मात्र भरून न येणारं नुकसान होऊ शकतं.

पाचेक मिनिटांनी वेदना कमी झाली की माणूस म्हणतो, ‘आता बरं वाटतंय, पुरे.’ तिथे थांबू नका. वेदना कमी झाली याचा अर्थ रसायन गेलं असा होत नाही. जोरदार आम्लारी कॉर्नियातल्या संवेदना वाहणाऱ्या नसाही मारून टाकते, आणि मग दुखणंच कमी होतं.

पाचवी पायरी: फोन, बाटली, प्रवास

धार चालू असताना दुसऱ्या माणसाने आपत्कालीन सेवेला कळवायचं. ‘डोळ्यात रसायन गेलंय, धुणं चालू आहे’ हे नेमकं सांगा. विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक ठाऊक असेल तर तिथूनही रसायनाविषयी सल्ला मिळतो.

रसायनाची बाटली किंवा वेष्टन बरोबर घ्या. सांडण्याची भीती असेल तर लेबलाचा स्पष्ट फोटो काढा. कामाच्या ठिकाणी प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक ठेवलेलं असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात त्याचा चौथा विभाग प्रथमोपचाराचा असतो. तो कागद फाइलसकट उचलून आणा.

वाटेतही धुणं चालू ठेवता आलं तर ठेवा. दोन-तीन बाटल्या पाणी आणि एक टॉवेल पुरतो. दुखापत झालेल्याने स्वतः गाडी चालवायची नाही, एक डोळा चांगला असला तरी. डोळा झाकायचा असेल तर स्वच्छ ओलसर कापड हलकेच ठेवा. घट्ट पट्टी बांधली की आत राहिलेलं रसायन कॉर्नियाला चिकटून बसतं.

डोळा साबणाच्या पाण्याने किंवा शाम्पूने नुसता चुरचुरला होता, धुतल्यावर पूर्ण शांत झाला, दिसायला स्वच्छ आहे, लाली नाही, प्रकाश सोसतो, तर घरी लक्ष ठेवणं पुरेसं असतं. आम्ल, आम्लारी, चुना, सिमेंट, ब्लीच, कीटकनाशक, उद्योगातलं कोणतंही रसायन किंवा अनोळखी द्रव असेल, तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं. मी यात अपवाद करत नाही.

काही रसायनांच्या बाबतीत जास्तीचं काही

चुना आणि सिमेंट यांचा त्रास दुहेरी आहे. ते आम्लारी आहेत आणि कणांच्या रूपात आहेत. कण वरच्या पापणीच्या आतल्या घडीत चिकटतात आणि तिथून तासन्‌तास थोडं थोडं विरघळत राहतात. कोरडी पूड चेहऱ्यावर असेल तर डोळे मिटलेले असतानाच ती कोरड्या कापडाने किंवा हाताने चटकन झटका, मग लगेच भरपूर पाणी. कळीचा चुना पाण्याने तापतो म्हणून काही लोक पाणीच टाळतात. तसं करू नका: थोडं पाणी वाईट, पण मोठी धार उष्णता आणि चुना दोन्ही वाहून नेते. खालची पापणी ओढल्यावर पांढरा कण दिसला तर ओल्या कापडाच्या टोकाने तो टिपून घ्या. वरची पापणी उलटवायचं काम डॉक्टरांचं.

आम्ल काहीसं अडतं असं वर म्हटलं, त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल हा मोठा अपवाद आहे. काच कोरायला आणि काही गंज काढणाऱ्या द्रवांत ते वापरतात. ते आम्लारीसारखंच आत शिरतं आणि त्यातला फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. या आम्लासाठी कातडीला लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कामाच्या जागी ठेवलेलं असतं. ते आपल्या मनाने डोळ्यात घालू नका. धुवा, आणि फोनवर रसायनाचं नाव स्पष्ट सांगा.

झटपट चिकटणारा गोंद डोळ्यात गेला तर पापण्या एकमेकींना चिकटतात. ओढून किंवा कापून सोडवायचा प्रयत्न करू नका. कोमट पाण्याने धुवा, ओली घडी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गोंद काही दिवसांत आपण होऊन सुटतो. मधल्या काळात आतली कड कॉर्नियावर घासत नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.

हात निर्जंतुक करायच्या द्रवात बहुतेक वेळा ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असतं. पायाने दाबायच्या स्टँडची तोटी नेमकी लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येते. झोंबतं प्रचंड, आणि कॉर्नियाच्या वरच्या थराला इजा होते. धुण्याची रीत तीच.

बाटली फुटून रसायनाबरोबर काचही उडाली असेल तर धार अगदी हलकी ठेवा, डोळ्यावर कणभरही दाब देऊ नका, आणि रुतलेलं काही दिसलं तर ओढू नका. तो डोळा थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जायला हवा.

लहान मूल असेल तर

अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांच्या २०१० ते २०१३ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याच्या रासायनिक दुखापतींचं प्रमाण वयानुसार पाहिलं, तर सगळ्यात जास्त एक वर्षाच्या मुलांत आढळलं, कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांपेक्षाही जास्त. त्या वयात मूल चालायला लागतं, हाताला लागेल ती बाटली उचलतं, आणि फवाऱ्याचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही.

मुलाला मोठ्या टॉवेलमध्ये हातांसकट गुंडाळा, नुसतं डोकं बाहेर. एकाने मांडीवर आडवं धरायचं, दुसऱ्याने जगाने पाणी ओतायचं, नाकाच्या हाडावर, बारीक धारेने. मूल रडतं, तडफडतं, आपल्या माणसाकडे केविलवाणं बघतं, आणि आईबापांचा हात थांबतो. थांबू देऊ नका. रडताना डोळे उघडमिट होतात, ती प्रत्येक उघडझाप धुण्याला मदतच करते. त्याच्याशी बोलत राहा, मोजून दाखवा, पण धार सोडू नका.

काय करायचं नाही

आम्लावर सोडा आणि सोड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर, हा विचार शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्रातून येतो आणि चंचुपात्रात तो बरोबरही आहे. डोळ्यात तो घातक आहे. उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते, प्रमाण साधता येत नाही, आणि डोळ्याला दुसरं रसायन सोसावं लागतं. दूध, मध, तेल, उरलेले जुने थेंब, मलम, काहीही नको. बधिर करणारे थेंबही घरी नकोत. ते डॉक्टरांनी वापरायचे असतात.

डॉक्टर काय करतील

हे आधी माहीत असलं की रुग्ण घाबरत नाही. ते आल्या आल्या डोळा बधिर करतील आणि पापणीच्या आत कागदाची पट्टी लावून सामू पाहतील. तो सात-साडेसातच्या आसपास नसेल तर पुन्हा धुणं, कधी कधी कित्येक लिटर सलाइनने. सामू बरोबर आला तरी थोडं थांबून परत मोजतात, कारण ऊतींत मुरलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं. पापण्या उलटवून कण काढतात. मग पिवळसर हिरवा रंग घालून निळ्या प्रकाशात वरचा थर कुठे कुठे सोलला आहे ते बघतात, डोळ्यातला दाब मोजतात.

सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक खूण. लालभडक डोळा पाहून आपण घाबरतो, पण बुबुळाच्या कडेचा भाग पांढराफटक, रक्तहीन दिसत असेल तर ते जास्त गंभीर असतं. तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या असतात. कॉर्नियाचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळपेशी याच कडेला राहतात. म्हणून हरमिंदर दुआ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात ही गोलाकार कड घड्याळाच्या तबकडीसारखी धरून किती ‘तासांचा’ भाग गेला ते मोजतात. त्या पेशी संपल्या तर कॉर्नियावर पांढरा पडदा वाढत जातो. एका डोळ्याची कड नष्ट झाली असेल तर दुसऱ्या, निरोगी डोळ्यातून अगदी छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण रोपायची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंद्र सांगवान यांच्या चमूने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. अशा उपचारांनी गेलेली नजर काहींना परत मिळते. पण त्यासाठी महिनोन्‌महिने खेपा माराव्या लागतात.

पहिले काही आठवडे सांगितलेल्या तारखांना जाणं चुकवू नका. डोळ्यातला दाब वाढणं, पापणी आतून चिकटणं, डोळा कोरडा पडणं हे नंतर उद्भवतं, आणि सुरुवातीला कळतही नाही.

आज करून ठेवायच्या गोष्टी

साधा चश्मा हे संरक्षण नव्हे, थेंब बाजूने आणि वरून आत जातो. रसायन हाताळताना चेहऱ्याला सगळीकडून टेकणारा गॉगल लावा. झाकण उघडताना बाटली चेहऱ्यापासून लांब धरा. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. ब्लीच कशातही मिसळू नका. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रसायन कधीही पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आणि मुलांच्या हाताला लागेल तिथे तर नकोच.

तुमच्याकडे डोळे धुण्याचं यंत्र असेल तर ते कागदावर नव्हे, खरोखर चालतं का बघा. अमेरिकेतल्या प्रचलित मानकानुसार ते धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता आलं पाहिजे, १५ मिनिटं सलग मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी दिलं पाहिजे, पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअस असलं पाहिजे आणि आठवड्यातून एकदा सुरू करून बघितलं पाहिजे. ही शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. न वापरलेल्या नळीत गंज आणि जंतू साठतात, आणि नेमक्या वेळी पहिली धार तांबडी येते. यंत्रासमोर खोकी रचून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

वर्गाच्या शेवटी मी सगळ्यांना एक गोष्ट करायला लावते. आपण रोज जिथे काम करतो तिथे उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि कुणाच्याही मदतीशिवाय नळ गाठून तो सुरू करायचा. कुणीतरी बाजूने चालायचं, धडक बसू नये म्हणून. घरी असाल तर स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून करून बघा. पहिल्या खेपेला कुणी खुर्चीला अडतं, कुणाला नळाची चकती कुठल्या बाजूला फिरते ते आठवत नाही, कुणाला दार आत उघडतं की बाहेर हेच सांगता येत नाही. मग ते डोळे उघडतात, खुर्ची उचलून बाजूला ठेवतात आणि परत पहिल्या जागी जाऊन उभे राहतात.